उन्हाळी संशोधनशाळेचा अर्ज

अर्ज हा शब्द आमच्या आयुष्यात फार लवकर आला. आठवीनंतर शाळा सुटली आणि एका सायझिंगमध्ये कामाला लागलो, त्या दिवशी एका छापील कागदावर आमची सही घेण्यात आली. त्यात काय लिहिले आहे हे वाचायला कोणी वेळ दिला नाही, आणि दिला असता तरी ते आम्हांला उमगले असते असे नाही. पुढे कामगार संघटनेत पडलो आणि अर्ज लिहिणे हाच आमचा धंदा झाला. थकलेल्या मजुरीचे, बोनसचे, भविष्यनिर्वाह निधीचे, कामावरून कमी केल्याबद्दल लेबर कोर्टात दाखल करायचे, असे शेकड्यांनी अर्ज आम्ही लिहिले. बाकी काही नाही तरी अर्ज कसा लिहावा हे आपल्याला कळते, अशी घमेंड मनात होती. ती घमेंड दोन वर्षांपूर्वी चौदा वर्षांच्या एका मुलीने उतरवली. गेल्या वर्षी याच व्याख्यानमालेत आम्ही त्याविषयी ओझरते बोललो होतो. त्यानंतर इतक्या आईबापांनी घरी येऊन विचारपूस केली, की तोच विषय आता सविस्तर लिहून काढणे बरे, असे वाटले.

झाले ते असे. आमच्या संघटनेचा एक सभासद इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. त्याची मुलगी तेव्हा नववीत होती. एका संध्याकाळी तो कागद घेऊन आला आणि म्हणाला, "अण्णा, पोरीचा अर्ज भरायचाय. तुमी कोर्टाचे अर्ज लिवता, ह्यो काय अवघड न्हाई." तो अर्ज होता इस्रोच्या 'युविका' या योजनेचा. युविका म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम. इस्रोने तो २०१९ साली सुरू केला. नववीतल्या निवडक मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत, मे महिन्यात, दोन आठवडे इस्रोच्या एखाद्या केंद्रात नेऊन ठेवतात. तिरुवनंतपुरम, बंगळूर, अहमदाबाद, हैदराबाद, श्रीहरिकोटा, डेहराडून, शिलाँग अशी ती केंद्रे आहेत. जाण्यायेण्याचे भाडे, राहणे, जेवण, पुस्तके, सारा खर्च इस्रो करते. यंत्रमागवाल्याच्या मुलीला याहून मोठी गोष्ट ती कोणती?

आम्ही चष्मा लावून जाहिरात वाचायला बसलो. निवड कशी करतात याचा हिशेब त्यात स्वच्छ मांडलेला असतो, आणि हिशेब मांडलेला असला की आम्हांला बरे वाटते. २०२३ सालच्या जाहिरातीत शंभर गुणांची वाटणी अशी होती : आठवीच्या परीक्षेतील गुणांना ५०, ऑनलाइन प्रश्नमंजूषेला १०, विज्ञान प्रदर्शनातील सहभागाला पातळीप्रमाणे २, ५ किंवा १०, ऑलिंपियाडसारख्या परीक्षेतील बक्षिसाला जास्तीत जास्त ५, खेळातील यशाला तितकेच, स्काउट-गाइड, एन. सी. सी. किंवा एन. एस. एस. मध्ये असल्यास ५, आणि पंचायतीच्या हद्दीतील ग्रामीण शाळेत शिकत असल्यास १५. वाटणी दर वर्षी त्या त्या जाहिरातीत पाहून घ्यावी; पण तिच्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. निम्मे गुण शाळेच्या परीक्षेचे आहेत, उरलेले निम्मे शाळेबाहेरच्या हालचालीचे आहेत. आणि या दुसऱ्या निम्म्यातला बराचसा भाग कागदांवर अवलंबून आहे. ग्रामीण शाळेला १५ गुण देण्यामागची न्यायबुद्धी आम्हांला मान्य आहे. परंतु इचलकरंजी २०२२ साली महानगरपालिका झाली. त्यामुळे पालिकेच्या हद्दीत पत्र्याच्या खोलीत राहून धोट्यांच्या खडखडाटात अभ्यास करणारी मुलगी शहरी ठरली, आणि वेशीपलीकडे पंचायतीच्या हद्दीत बंगला बांधून राहिलेल्या माग-मालकाचा मुलगा तिथल्याच शाळेत जात असेल, तर तो ग्रामीण ठरला. असो. रेघ कुठे तरी ओढावीच लागते, आणि रेघेच्या चुकीच्या बाजूला आमची माणसे सापडणे हेही नवे नाही.

मुलीच्या बाजूने एक मोठी गोष्ट होती. सुटीत तिने वडिलांच्या मागांवर एक निरीक्षण केले होते आणि ते तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडले होते. त्याचे प्रमाणपत्र जोडायचे म्हणून आम्ही शाळेत गेलो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण त्यात त्या एकाच शाळेचा दोष आहे असे नाही. प्रमाणपत्रे आली होती, पण कपाटात होती. कपाटाची किल्ली ज्या शिक्षकांकडे होती ते प्रशिक्षणाला गेले होते. रोज एक हेलपाटा झाला. प्रमाणपत्र हाती आले तेव्हा अर्जाची मुदत संपून चार दिवस झाले होते. तो रकाना रिकामा ठेवूनच अर्ज गेला. पुढे यादी लागली, तीत तिचे नाव नव्हते. ते गुण मिळाले असते तर नाव लागले असते, असा दावा आम्ही करीत नाही. पण चूक शाळेइतकीच आमचीही होती. हजेरीपट वेळेवर हाती नसल्यामुळे हरलेले खटले आम्ही पाहिले आहेत. नोटीस निघायच्या आधी कागद गोळा करावा हे आम्ही कामगारांना तीस वर्षे सांगत आलो, आणि स्वतःच्या घरच्या मुलीसारख्या मुलीच्या बाबतीत मात्र जाहिरात निघाल्यावर जागे झालो. प्रदर्शन संपले त्याच आठवड्यात प्रमाणपत्र मागून आणून त्याची नक्कल करून ठेवायला हवी होती. युविका नववीतच असते. दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करता येत नाही.

ही बोच मनात राहिली आणि तिच्यापायी आम्ही या शाळांचा शोध घ्यायला लागलो. जगात इतर ठिकाणी अशा मुलांची निवड कशी करतात? हे काम मुळात सुरू कोणी केले? वाचनालयाच्या संगणकावर बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन आम्ही जे समजून घेतले ते असे.

उन्हाळी संशोधनशाळा म्हणजे सुटीतला शिकवणी वर्ग नव्हे आणि सहलही नव्हे. शाळेत जो प्रश्न विचारतात त्याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते. संशोधनशाळेत जो प्रश्न घेतात त्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नसते, शिकवणाऱ्यालाही नसते. पाच-सहा आठवडे हायस्कुलातली मुले एखाद्या विद्यापीठात राहतात, शास्त्रज्ञाच्या हाताखाली तो प्रश्न हाताळतात, आणि शेवटी जे सापडले ते लिहून काढून चारचौघांपुढे मांडतात. अमेरिकेत ही चळवळ जोरात आली ती १९५७ नंतर. त्या वर्षी रशियाने स्पुटनिक आकाशात सोडला आणि अमेरिकनांना आपल्या शाळांची काळजी वाटू लागली. १९५९ साली कॅलिफोर्नियात ओहाय गावच्या थॅचर स्कूलमध्ये 'समर सायन्स प्रोग्रॅम' सुरू झाला. तिथल्या मुलांना दिलेले काम ऐकण्याजोगे आहे : आकाशातला एक लघुग्रह दुर्बिणीने रात्रीमागून रात्र टिपायचा, ताऱ्यांच्या संदर्भात त्याची जागा मोजायची, आणि त्या मोजमापांवरून तो सूर्याभोवती कोणत्या कक्षेत फिरतो हे स्वतः गणिताने काढायचे. आरंभी फोटोच्या काचा होत्या आणि आकडेमोडीला हाताने चालवायची यंत्रे होती. आता संगणक आहेत. काम मात्र तेच आहे. तिघातिघांच्या तुकड्या ते करतात, आणि त्यांची मोजमापे जगभरच्या लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या केंब्रिजच्या केंद्राकडे जातात. म्हणजे पोरांनी केलेले काम वहीत पडून राहत नाही, खऱ्या खतावणीत चढते. आमच्या मते त्यात निम्मे मर्म आहे.

दुसरी शाळा याहून अधिक नावाजलेली आहे. तिचे नाव 'रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट'. तिच्या संस्थापकांची हकीकत कामगारांनी वाचावी अशी आहे. हायमन रिकोव्हर १९०० साली पोलंडमधल्या एका गावी शिंप्याच्या घरी जन्मले. तो मुलूख तेव्हा रशियाच्या झारचा होता. घर ज्यू होते. लहानपणीच ते आईबापांबरोबर अमेरिकेत आले. शिकागोत शाळा शिकता शिकता हे पोर तारा पोचवण्याचे काम करी. तारा पोचवताना एका काँग्रेस-सदस्याशी ओळख झाली आणि त्यांनी नौदलाच्या विद्यालयासाठी त्याचे नाव सुचवले. शिंप्याचे पोर आरमारात गेले, अणुशक्तीवर चालणारी जगातली पहिली पाणबुडी 'नॉटिलस' ज्यांच्या देखरेखीखाली बांधली गेली ते रिकोव्हर तेच. ती १९५४ साली पाण्यात उतरली. ॲडमिरल होऊन १९८२ साली ते निवृत्त झाले आणि १९८३ साली जोॲन डिजेनॅरो या बाईंच्या सहकार्याने त्यांनी एक संस्था काढली. १९८४ च्या उन्हाळ्यात तिची पहिली शाळा भरली. १९९२ पासून ती मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत भरते. सहा आठवडे चालते. पहिला आठवडा व्याख्यानांचा, पुढे प्रत्येकाला एकेक मार्गदर्शक आणि एकेक प्रश्न, शेवटी लेख आणि भाषण. निवडलेल्या मुलाला प्रवासखर्चापलीकडे दमडी पडत नाही. हजारोंनी अर्ज येतात आणि घेतात शंभराच्या आसपास.

आपला देशही मागे नव्हता. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेने, म्हणजे एन. सी. ई. आर. टी. ने, १९६३ साली दिल्लीपुरत्या दहा शिष्यवृत्त्या ठेवून विज्ञान-प्रज्ञाशोध सुरू केला आणि १९६४ साली तो देशभर नेऊन शिष्यवृत्त्या साडेतीनशे केल्या. त्या निवडीत लेखी परीक्षा होती, मुलाखत होती, आणि मुलाने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवालही मागत. मात्र परीक्षा फक्त इंग्रजीतून. १९७६ साली योजना बदलली. प्रादेशिक भाषांची दारे उघडली, हे फार चांगले झाले. पण त्याच बदलात प्रकल्पाचा अहवाल गेला आणि पर्यायावर खूण करण्याची परीक्षा आली. एका हाताने मराठी मुलाला आत घेतले आणि दुसऱ्या हाताने त्याला दाखवता आली असती ती गोष्टच मागणे बंद केले. दोन्ही एकदम करण्याची गरज होती काय, हे आम्हांला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

आता अर्जाकडे येऊ. रिकोव्हरांच्या शाळेचा अर्ज आम्ही ओळ न् ओळ वाचला. शाळा भरते जूनच्या अखेरीस. अर्ज बंद होतो आदल्या डिसेंबरात. म्हणजे सहा महिने आधी. त्यात शाळेतील गुणपत्रके मागतात, परीक्षांचे आकडे मागतात, शिक्षकांची पत्रे मागतात. परंतु सारा भार ज्यावर आहे ते म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले निबंध. शास्त्राच्या कोणत्या क्षेत्रात तुला गोडी आहे, आणि त्यात तुला नेमके काय शोधायचे आहे?

हाच प्रश्न का? विचार केल्यावर त्यातले व्यवहारज्ञान ध्यानात आले. अर्ज करणाऱ्या हजारो मुलांत उत्तम गुणांची मुले खंडीभर असतात. गुण म्हणजे उंबरठा. उंबरठ्यावर सारखीच उंची असलेल्या मुलांतून गुणांनी निवड होत नाही. शिवाय मार्गदर्शकाजवळ अवघे चार-पाच आठवडे असतात. त्यातला पहिला आठवडा काही जमत नाही, यंत्र चालत नाही, आकडे वेडेवाकडे येतात. अशा वेळी जे मूल रडकुंडीला न येता पुन्हा मोजायला बसते, ते त्याला हवे असते. आणि अडल्यावर कोण टिकेल हे गुणपत्रिका सांगत नाही. मूल आधी कशाच्या मागे लागले होते, किती दिवस लागले होते, हे सांगते.

इथे आम्हांला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. १८८४ साली परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्या अर्जात रडगाणे नव्हते. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, यंत्रात जखमी झालेल्याला भरपाई, अशा मोजक्या आणि मोजता येतील अशा गोष्टी होत्या. १८९० साली रविवारची सुटी मिळाली. लोखंड्यांचा अर्ज आम्ही शंभरदा कामगारांना समजावून सांगितला आहे. पण मुलांच्या अर्जालाही तोच नियम लागू आहे हे आमच्या डोक्यात आले नव्हते.

मग आम्ही एक गंमत केली. त्या मुलीला घरी बोलावले आणि तो अमेरिकन प्रश्न मराठीत लिहून तिच्यापुढे ठेवला. म्हणालो, "हा अर्ज आपल्याला कुठे पाठवायचा नाही. नुसते उत्तर लिही." तिने अर्ध्या तासात एक पान लिहून दिले. अक्षर सुरेख. मजकूर असा, की मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे, थोर शास्त्रज्ञांची चरित्रे वाचून मला प्रेरणा मिळाली, मोठी होऊन मला देशाची सेवा करायची आहे. शाळेत अशा निबंधाला दहापैकी नऊ गुण मिळतात. आम्ही विचारले, "पोरी, यातले तुझे काय? हेच पान शेजारच्या बाकावरच्या मुलाने लिहिले असते तर काय बदलले असते?" ती गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, "काका, पण माझं असं काय आहे? आमच्या घरात माग आहेत आणि माग."

"मग मागांचे लिही."

आणि तिने लिहिले. उन्हाळ्यात दुपारी वडील जेवायला बसले की ती मागांवर लक्ष ठेवी. सकाळपेक्षा दुपारी ताण्याचे धागे जास्त तुटतात असे तिला वाटले. वाटले म्हणून तिने मोजायला घेतले. सकाळी एक तास आणि दुपारी एक तास, एकाच नंबरच्या सुताच्या दोन मागांवर, सुटीभर. प्रत्येक तुटीला वहीत एक रेघ. दुपारच्या रेघा खरोखरच जास्त भरल्या. शाळेतल्या शिक्षकांनी तिला सांगितले, की कापसाचा धागा ओलसर हवेत बळकट असतो आणि हवा कोरडी झाली की कमकुवत होतो. म्हणून तर कापडगिरण्यांत हवेत दमटपणा राखण्याची सोय करतात आणि आपल्याकडे मागाच्या खोलीत जमिनीवर पाणी मारतात. इतक्यावर प्रदर्शनाचा तक्ता झाला होता.

आम्ही मात्र कोर्टात उलटतपासणी ऐकलेली माणसे. विचारले, "दुपारी माणूसही थकलेला असतो. धागा हवेने तुटतो की हात चुकल्याने?" तिने मान खाली घातली, मग वही चाळू लागली. पाने उलटता उलटता एका पानावर थांबली. त्या दिवशी दुपारी वळवाचा पाऊस झाला होता. माणूस तोच, तास तोच, थकवा तोच. हवा मात्र ओली. त्या दुपारच्या रेघा सकाळइतक्याच होत्या. तिचा चेहरा आम्ही विसरणार नाही. ती म्हणाली, "काका, पण पाऊस एकदाच पडला. एकावरून नाही सांगता येणार." हे वाक्य आम्ही तिला शिकवले नव्हते.

मग तिनेच ठरवले की पुढच्या उन्हाळ्यात दोन साधे थर्मामीटर आणायचे, एकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळायचे, आणि दोन्हींच्या आकड्यांतला फरक रोज दोनदा टिपायचा. हवा जितकी कोरडी तितका हा फरक मोठा. म्हणजे दुपार आणि सकाळ असे न म्हणता कोरडेपणा किती आणि तुटी किती, असे म्हणता येईल. निबंध मग आपोआप तयार झाला : मी काय पाहिले, कसे मोजले, कुठे शंका राहिली, आणि ती फेडायला मला काय हवे आहे. एवढी चार कलमे. देशसेवेचा शब्द त्यात कुठेही नव्हता. आमच्या वस्त्यांतील मुलांनी काही पाहिलेले नसते, असे समजणारे लोक फार आहेत. वस्तुतः त्यांनी पुष्कळ पाहिलेले असते. पण आपण पाहतो ते लिहिण्याजोगे असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

भाषेबद्दल एक शब्द. बाहेरच्या शाळांचे अर्ज इंग्रजीतून असतात आणि मराठी शाळेतली मुले तिथेच कच खातात. आमचा अनुभव असा, की प्रश्न आधी मराठीत पक्का करावा. तो पक्का झाला की इंग्रजीत नेणे हे अवघड असले तरी उरलेले काम असते. उलट केले तर मूल इंग्रजी वाक्ये गोळा करीत बसते आणि प्रश्न हातातून निसटतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने, जे १९७४ साली स्थापन झाले, महापालिकेच्या शाळांतील मुलांबरोबर पुष्कळ काम केले. पुस्तकाची अवजड भाषा आड येते, ती सोपी केली की तीच मुले तेच शास्त्र समजून घेतात, हे त्या लोकांनी दाखवले. मराठी माध्यमाच्या मुलाला बुद्धी कमी असते असे म्हणणाऱ्याला आम्ही तेव्हापासून हा दाखला देतो.

शिफारसपत्राचे प्रकरण निराळे आहे. रिकोव्हरांनाही कोणाच्या तरी शिफारसीनेच दार उघडले, तेव्हा तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र आपल्याकडे शिफारस म्हणजे 'सदर विद्यार्थी हुशार व सद्वर्तनी असून' हे छापील वाक्य. साठ-साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाने प्रत्येकाचे वेगळे काय लिहावे? तो दोष शिक्षकाचा नाही. निवडणाऱ्याला प्रसंग हवा असतो : या मुलाने अमुक दिवशी अमुक प्रश्न विचारला, उत्तर पटले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी हे करून आणले. म्हणून मुलाने महिनाभर आधी शिक्षकांकडे जावे, आपण काय केले याचे एका पानाचे टिपण त्यांच्या हाती द्यावे आणि अदबीने म्हणावे, "सर, यातले आपल्याला आठवते तेवढे लिहा." शेवटच्या दिवशी स्टाफरूमच्या दारात उभे राहू नये. आपण काय भोगले ते वर सांगितलेच आहे.

आणि पैशाविषयी सावध राहावे. या शाळांचा नावलौकिक पाहून तशाच नावांची दुकाने निघाली आहेत. नामांकित विद्यापीठात उन्हाळ्यात खोल्या भाड्याने घेतात, पत्रकावर त्या विद्यापीठाचे चित्र छापतात आणि संशोधनाच्या नावाखाली लाखांनी फी घेतात. काही ठिकाणी शिकवणे बरे असेलही. पण तिथे निवड मुलाची नसते, बापाच्या खिशाची असते. आमची कसोटी कामगाराची आहे. नोकरी देतो म्हणून आधी पैसे मागणारा जसा ओळखायचा, तसाच हा. ज्यांना खरोखर मूल हवे असते ते खर्च स्वतः सोसतात, किंवा ऐपतीप्रमाणे फी घेऊन नसलेल्याला सोडतात. लघुग्रहवाल्या त्या कॅलिफोर्नियाच्या शाळेत फी ऐपतीप्रमाणे असते. तिथे १९६९ साली शिकलेल्या फ्रँकलिन अँटोनिओ यांनी पुढे उद्योगात पैसा मिळवला आणि २०२२ साली ते वारल्यावर त्यांच्या मृत्युपत्राने त्या शाळेला सुमारे वीस कोटी डॉलर मिळाले. एका उन्हाळ्याची आठवण माणसाने त्रेपन्न वर्षे जपली, एवढेच त्यावरून आम्ही घेतो.

आमच्या मुलीने मधल्या काळात दोन थर्मामीटर आणले. बापाने कुरकूर न करता पैसे दिले, कारण धागा तुटला की माग थांबतो आणि माग थांबला की मजुरी थांबते. हे संशोधन त्याच्या पोटाशी येऊन भिडले होते. गेल्या उन्हाळ्यात तिने दुसरी वही भरली. ती घेऊन परवा आली आणि म्हणाली, "काका, कोरडेपणा तितकाच, सूत त्याच नंबरचं, तरी एका बीमवर तुटी जास्त आहेत आणि दुसऱ्यावर कमी. दोन बीम दोन वेगळ्या सायझिंगमधून आलेत. कोरड्या हवेत धागा कमजोर होतो, का त्याच्यावरची खळ ठिसूळ होते?"

आम्ही सायझिंगमध्ये सहा वर्षे काढली. खळ शिजवली, ढवळली, हात भाजून घेतले. हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नाही. तिला म्हणालो, खळ मऊ राहावी म्हणून तिच्यात तेलकट पदार्थ घालतात, त्याचा काही संबंध असेल.

"किती घालतात?"

"एक डबा."

"डबा म्हणजे किती ग्रॅम?"

दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या सायझिंगच्या फाटकावर गेलो. वॉचमन ओळखीचा. त्याला वाटले आम्ही संपाचे काही घेऊन आलो. आम्ही पिशवीतून तराजू काढला आणि त्याला सांगितले, आत जाऊन तो डबा तेवढा घेऊन ये, वजन करायचे आहे.